निमंत्रणही आलंय आणि बहिष्काराचं पत्रही: गायक-वादकांनी ठरवायचं कसं?

तुम्ही शेवटी विचारलंय, ‘कलाकाराने राजकारणात पडावं का?’ पण त्याआधी जी हकीकत लिहिली आहे, तिच्यातला प्रश्न वेगळा आहे आणि जास्त अवघड आहे. बाकीच्यांना समजावं म्हणून ती हकीकत आधी सांगतो. नाशिकमधला तुमचा पाच जणांचा ग्रुप. अभंग, नाट्यगीतं, भावगीतं. इस्रायलमधल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यू लोकांच्या एका मंडळाने तुम्हाला बोलावलं आहे. तिथे दोन कार्यक्रम आहेत. एक मंडळाच्या स्वतःच्या सभागृहात, दुसरा तिथल्या एका शहराच्या महोत्सवात, आणि त्या महोत्सवाला सरकारी खात्याचा निधी आहे. पाचही जणांची विमानाची तिकिटं त्याच निधीतून निघणार. नेमक्या याच वेळी एका मित्राने पत्र पाठवलं, की पॅलेस्टिनी लोकांच्या आवाहनाला प्रतिसाद म्हणून भारतीय कलाकारांनी इस्रायलमध्ये कार्यक्रम करू नयेत, तुम्हीही सही करा. गायिका म्हणून तुमचं मन सहीकडे आहे. तबलजी म्हणतात जाऊ या, घराचे हप्ते कुणासाठी थांबत नाहीत. निवेदिकेचं म्हणणं, कलेत राजकारण आणू नका.

मी पेटीची साथ करतो, आणि गेली बरीच वर्षं कार्यक्रम जुळवण्याचं, तारखा-मानधन ठरवण्याचं कामही माझ्याकडेच असतं. म्हणजे प्रत्येक होकार-नकाराचा हिशेब शेवटी माझ्या वहीत येतो. त्या अनुभवावरून सांगतो: जावं की न जावं, हे तुम्ही नंतर ठरवा. तुमचं गाणं कुणाच्या नावावर जमा होणार आहे, हे आधी पाहा. नकार दिलात तर त्याची किंमत कोण मोजणार, तेही पाहा. या दोन गोष्टी स्पष्ट झाल्या की पहिला प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

काही गोष्टी मला इथे बसून सांगता येणार नाहीत. त्या तुमच्या परिस्थितीवर आहेत. ग्रुपमधलं कुणी सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या नोकरीत असेल, तर त्याला वर्तणूक नियम लागू असतात. परदेशी जायला परवानगी लागते, आणि राजकीय स्वरूपाच्या जाहीर पत्रकावर सही करण्याआधी त्याने ते नियम वाचायला हवेत. तुम्ही आखातातल्या महाराष्ट्र मंडळांचे कार्यक्रम करत असाल, तर इस्रायलला जाऊन आल्याची नोंद काही देशांत अडचणीची ठरू शकते. इस्रायल हल्ली पासपोर्टवर शिक्का मारत नाही, वेगळी चिठ्ठी देतो, पण पोस्टर आणि व्हिडिओ तर सगळीकडे असतातच. शिवाय प्रवासाच्या सुरक्षिततेबद्दल आपल्या परराष्ट्र खात्याची त्या वेळची सूचना काय आहे, तेही बघावं लागेल. हे सगळं आधी तपासा. तत्त्वाची चर्चा रंगल्यावर या गोष्टी विसरायला होतात.

आता निवेदिकाताईंच्या म्हणण्याकडे येतो. ‘कलेत राजकारण नको’ हे नाशिकमध्ये राहून म्हणणं मला कठीण वाटतं. पंचवटीत ज्यांचा रामनाम आधार आश्रम होता, त्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९२३च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये अध्यक्षांनी हरकत घेतली तरी ‘वंदे मातरम्’ पूर्ण गायलं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक आयुष्यभर आंबेडकरी चळवळीची गाणी गात गावोगाव हिंडले. आणीबाणीत काँग्रेसच्या प्रचारासाठी गायला किशोरकुमारांनी नकार दिला, तर १९७६मध्ये आकाशवाणी आणि दूरदर्शनवर त्यांची गाणी बंद झाली. यातल्या कुणाचीही कला त्यामुळे कमी झाली नाही. तरीही ताईंच्या बोलण्यात एक खरी भीती आहे, ती मी मान्य करतो. उद्या प्रत्येक कार्यक्रमाआधी ‘तुमची भूमिका काय’ असं विचारलं जाईल, आणि भूमिका आवडली नाही म्हणून कलाकाराला मंचावरून उतरवलं जाईल. असं झालेलं आपण पाहिलं आहे.

म्हणून बहिष्कार आणि बंदी यांत गल्लत करू नका. २०१५च्या ऑक्टोबरमध्ये पाकिस्तानी गझलगायक गुलाम अलींचा मुंबईतला कार्यक्रम राजकीय इशाऱ्यानंतर रद्द झाला. तिथे गायकाची गायची तयारी होती, ऐकणाऱ्यांची ऐकायची तयारी होती, आणि तिसऱ्याने दरवाजा लावला. ही बंदी. पाकिस्तानी कलाकारांना काम देण्यावर सरसकट मनाई करावी अशी याचिका पुढे मुंबई उच्च न्यायालयात आली. ती २०२३मध्ये फेटाळली गेली आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. याच्या उलट २०१९चं यवतमाळचं साहित्य संमेलन आठवा. विरोधाच्या धमक्या आल्यावर आयोजकांनी उद्घाटक नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतलं. त्यावर अनेक निमंत्रित लेखक-कवींनी ‘मग आम्हीही येणार नाही’ असं कळवलं. त्यांनी कुणाचा मंच मोडला नाही, कुणाला येऊ नका म्हणून धमकावलं नाही. स्वतःची खुर्ची रिकामी ठेवली. हा बहिष्कार. तुमच्याकडे आलेलं पत्र यातल्या कुठल्या जातीचं आहे, ते नीट वाचा. ‘आम्ही जाणार नाही’ एवढंच लिहिलं असेल तर विचार करा. ‘जे जातील त्यांना महाराष्ट्रात कार्यक्रम मिळू देणार नाही’ असा सूर असेल, तर ते गाझासाठी लिहिलेलं असो वा आणखी कशासाठी, त्यावर मी सही करणार नाही.

कलाकारांच्या बहिष्काराचं सगळ्यात मोठं उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं. त्यावर जरा थांबतो, कारण दोन्ही बाजूंचे लोक ते आपापल्या सोयीने सांगतात. वर्णभेदाच्या राज्यात जाऊन कला सादर करू नका, ही हाक ट्रेव्हर हडलस्टन या धर्मगुरूने १९५४मध्ये दिली. तो तिथल्या काळ्या वस्तीत राहून काम करणारा माणूस होता. पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने ती मागणी उचलून धरली. १९६८मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्या राजवटीशी सांस्कृतिक, शैक्षणिक आणि क्रीडा संबंध थांबवायला सांगितलं. १९८३पासून तिथे कार्यक्रम करणाऱ्यांची यादी संयुक्त राष्ट्रांकडून प्रसिद्ध होऊ लागली, आणि ‘पुन्हा जाणार नाही’ असं लिहून देणाऱ्याचं नाव त्या यादीतून निघायचं. परत येण्याची वाट अशी उघडी ठेवलेली होती. राजवटीने स्वतंत्र देश म्हणून उभ्या केलेल्या बोफुथात्स्वानामध्ये सन सिटी हे आलिशान करमणूक केंद्र होतं. ‘आम्ही दक्षिण आफ्रिकेत गातच नाही, हा तर वेगळा देश’ असं सांगून कलाकार तिथे जायचे. १९८४मध्ये क्वीन हा ब्रिटिश ग्रुप तिथे वाजवून आला, तर त्यांच्याच देशातल्या संगीतकार संघटनेने त्यांना दंड केला. दंड नाव असलेल्यांना झाला, एखाद्या गरीब साथीदाराला नाही, हेही लक्षात घ्या.

आता याच गोष्टीतला गुंता. १९८५मध्ये अमेरिकन गायक पॉल सायमन जोहान्सबर्गला गेला आणि तिथल्या काळ्या संगीतकारांसोबत ध्वनिमुद्रण केलं. १९८६मध्ये ‘ग्रेसलँड’ हा अल्बम आला. त्याने राजवटीसाठी एकही कार्यक्रम केला नव्हता, वादकांना चांगलं मानधन दिलं होतं, त्यांची नावंही अल्बमवर होती. तरी त्याने चळवळीला न विचारता बहिष्कार मोडला, असा आरोप झाला, आणि १९८७मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलबाहेर निदर्शनं झाली. पण आत मंचावर त्याच्याबरोबर दक्षिण आफ्रिकेचेच काळे कलाकार ह्यू मासेकेला आणि मिरियम माकेबा होते. त्याच वर्णभेदामुळे दोघांनाही कितीतरी वर्षं देशाबाहेर काढावी लागली होती. बाहेर उभे असलेले प्रामाणिक होते आणि आत गाणारेही. ज्यांच्यासाठी बहिष्कार, त्यांचंच संगीत त्या बहिष्काराने कोंडलं जावं का, हा प्रश्न त्या वेळी चळवळीलाही टाळता आला नाही. पुढे १९९१च्या अखेरीस, राजवट वाटाघाटींना बसल्यावर, संयुक्त राष्ट्रांनी सांस्कृतिक बहिष्कार उठवला. म्हणजे त्या बहिष्काराला मागणी होती, ती सोसणाऱ्यांकडून आली होती, आणि ती पूर्ण होऊ लागल्यावर तो संपला. कुठलंही पत्र समोर आलं की मी या तीन गोष्टी शोधतो. आपल्या देशानेही ही किंमत मोजलेली आहे. १९७४मध्ये टेनिसच्या डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत पोचून भारत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळला नाही, चषक त्यांना तसाच गेला.

तुमच्या पत्रामागचं आवाहन या कसोटीवर कसं उतरतं? पॅलेस्टिनी अभ्यासक आणि विचारवंतांनी शैक्षणिक-सांस्कृतिक बहिष्काराची मोहीम २००४मध्ये सुरू केली. २००५मध्ये तिथल्या नागरी संघटनांनी व्यापक आवाहन केलं. त्यात तीन मागण्या आहेत: अरब भूभागावरचा १९६७पासूनचा इस्रायली ताबा संपवणं, इस्रायलमधल्या अरब नागरिकांना पूर्ण समान हक्क, आणि निर्वासितांचा परतण्याचा हक्क. म्हणजे हाक सोसणाऱ्यांकडून आलेली आहे, मागण्याही लिहिलेल्या आहेत. विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही ऐकून घ्या. तिसरी मागणी पूर्ण झाली तर ज्यू बहुसंख्येचं राज्यच उरणार नाही, असं बहुतेक इस्रायली मानतात. ७ ऑक्टोबर २०२३ला हमासने सुमारे १,२०० माणसं मारली, ती जखम ताजी आहे. शिवाय सांस्कृतिक दारं बंद झाली की सरकारविरुद्ध बोलणारे इस्रायली कलाकारच एकटे पडतात, असंही ते सांगतात. वाद्यवृंद-संचालक डॅनिएल बॅरनबॉइम आणि पॅलेस्टिनी विचारवंत एडवर्ड सैद यांनी १९९९मध्ये इस्रायली आणि अरब तरुण वादकांचा एकत्र वाद्यवृंद उभा केला, तो याच विचारातून. आणि या सगळ्याच्या समोर गाझात मेलेली हजारो मुलं आहेत. त्यांच्याकडे पाठ फिरवून मला पेटीला हात लावता येणार नाही, हे मी लपवत नाही. तुमचं मत माझ्यापेक्षा वेगळं असू शकतं. पण हे सगळं समोर ठेवून मत बनवा.

आता तुम्हाला बोलावणाऱ्यांकडे बघू, कारण तुमच्या प्रश्नाचा सगळ्यात नाजूक भाग तो आहे. बेने इस्रायली हे आपल्या कोकणातले, अलिबागकडच्या गावांत तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले गेलेले. प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या नावाने पोहे, नारळ आणि फळांचा मलिदा करतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी आपल्या कीर्तनाच्या वळणावर मराठीत कीर्तनं सुरू केली, बायबलमधल्या कथा आपल्या चालींत गायल्या. इस्रायल झाल्यावर यातले बरेच जण तिकडे गेले, लोद, अश्दोद, दिमोना, बेर्शेबा अशा गावांत वसले. तिथे ‘तुम्ही पुरते ज्यू आहात का’ असा सवाल त्यांनाच केला गेला. लग्नाच्या बाबतीत अडवणूक झाली, त्याविरुद्ध त्यांना आंदोलन करावं लागलं, आणि १९६४मध्ये कुठे त्यांना पूर्ण मान्यता मिळाली. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी तिकडे चालवलं. अशा माणसांनी, आजीच्या तोंडून ऐकलेला अभंग समोर बसून ऐकावा म्हणून तुम्हाला बोलावलं, तर ते इस्रायल सरकारचं निमंत्रण होत नाही. बहिष्काराच्या मोहिमेची लिखित मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात, की रोख संस्थांवर आहे, एखाद्याच्या जन्मावर किंवा धर्मावर नाही.

पण दुसरा कार्यक्रम वेगळा आहे. तिथे सरकारी निधी आहे, तिकिटं त्यातून आहेत, म्हणजे मंचावर कुणाची तरी पाटी लागणार. मंचामागची पाटी ही काय चीज असते, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी इथल्याच एका उपनगरात आम्हाला कार्तिकी एकादशीच्या अभंगांसाठी बोलावलं. सामान उतरवून मंचावर गेलो तर मागे वीस फुटी फ्लेक्स. एका स्थानिक नेत्याचा हात जोडलेला फोटो, वर ‘वाढदिवसानिमित्त भव्य भक्तिसंध्या’, आणि डाव्या कोपऱ्यात बोटभर अक्षरांत गायकाचं नाव. तबलजींचं आणि पखवाजवाल्याचं नावच नव्हतं. मध्यंतरात सत्कार आणि भाषणं झाली. दुसऱ्या दिवशी फोटो फिरले ते ‘कलावंतांचा भाऊंना पाठिंबा’ या ओळीखाली. आमच्यातल्या कुणालाही त्या पाठिंब्याबद्दल विचारलं नव्हतं. तेव्हापासून होकाराच्या पत्रात चार ओळी असतात: मंचामागे फक्त कार्यक्रमाचं आणि सगळ्या कलाकारांचं नाव, कार्यक्रमात राजकीय भाषण नाही, सत्कार असलाच तर सुरुवातीला, आणि आमचे फोटो दुसऱ्या कुठल्या प्रचारासाठी वापरायचे नाहीत. यामुळे काही कामं गेली. जी टिकली ती निर्मळ आहेत.

या चार ओळी तुमच्या आयोजकांना आत्ताच पाठवा. मंडळाला साधं विचारा: महोत्सवाचा कार्यक्रम वगळून, फक्त तुमच्या सभागृहात, वर्गणीतून किंवा तिकीटविक्रीतून, निम्म्या मानधनात आणि तीनच माणसांत कार्यक्रम बसेल का? ‘बसवू’ असं उत्तर आलं, तर तुमच्या कोंडीतली अर्धी गाठ सुटली. ‘महोत्सव हवाच, पैसे तिथलेच आहेत’ असं आलं, तर तुम्हाला खरं कुणी बोलावलंय ते कळलं.

राहिला तबलजींचा प्रश्न. त्यावर मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे. गायकाने ‘नाही’ म्हटलं की वर्तमानपत्रात गायकाचं नाव येतं आणि तबलजीची बिदागी जाते. गायकाकडे शिकवण्या असतात, पुढची निमंत्रणं असतात, नकारामुळे कधी कधी मानही वाढतो. साथीदार तारखेवर जगतो. ती तारीख तुमच्यासाठी राखली म्हणून त्याने दुसरीकडे नकार दिलेला असतो. म्हणून आमच्या ग्रुपमध्ये रीत अशी ठेवली आहे, की तत्त्वासाठी कार्यक्रम सोडायचा असेल तर आधी साथीदारांना विचारायचं, आणि सोडायचं ठरलं तर ज्याचं नाव मोठं त्याने आपल्या पुढच्या दोन-तीन कार्यक्रमांतून साथीदाराचं नुकसान भरून द्यायचं. मध्ये एका गायिकेने असं केलं होतं. प्रायोजक पटला नाही म्हणून दिवाळी पहाट सोडली, आणि तबला-पखवाजाचं पाकीट त्याच संध्याकाळी स्वतः घरी नेऊन दिलं. त्या नकाराबद्दल आमच्यात कुणाच्याही मनात किंतु राहिला नाही. तुम्हाला एवढं करणं जमणार नसेल, तर ग्रुपच्या नावाने सही करू नका, स्वतःच्या नावाने करा. आणि तबलजी दुसऱ्या गायकाबरोबर गेले तर त्यांच्याशी अबोला धरू नका.

मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं, तेही सांगतो. महोत्सवाला नाही म्हटलं असतं. मंडळाच्या सभागृहात, त्यांच्या पैशांनी, पाटीविना जमत असेल तर गेलो असतो, आणि सुरुवातीला दोन वाक्यांत सांगितलं असतं की मी महोत्सवात का नाही. पत्रावर सही केली असती, पण त्याखाली लिहून, की लोकांच्या मंडळात गाणं मी सोडत नाही. तुमच्या मित्राला ही पुस्ती आवडणार नाही, मंडळातल्या काहींना ती दोन वाक्यं आवडणार नाहीत, आणि दोघांचंही ऐकून घ्यायची तयारी ठेवावी लागेल. पाब्लो कासाल्स या चेलोवादकाने स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीला मान्यता देणाऱ्या देशांत वाजवायचं नाही असा पण केला होता, तरी १९६१मध्ये केनेडींच्या व्हाइट हाऊसमध्ये त्याने वाजवलं. त्या अपवादामुळे त्याचा पण खोटा ठरला, असं मला वाटत नाही.

आणि न जाण्याचं ठरलं, तर त्या तारखेचं काहीतरी करा. २०२१च्या डिसेंबरमध्ये आपल्याच शहरात अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं आणि त्याच दिवसांत विद्रोही संमेलनही भरलं. ज्यांना पहिला मंच पटला नाही त्यांनी दुसरा उभा केला. नाशिकमधल्या एखाद्या छोट्या सभागृहात त्या संध्याकाळी गा, जमलेले पैसे युद्धात होरपळलेल्या मुलांवर उपचार करणाऱ्या एखाद्या विश्वासू संस्थेला द्या. मात्र परदेशी पैसे पाठवायचे नियम कडक आहेत, चार्टर्ड अकाउंटंटला विचारल्याशिवाय दानपेटी फिरवू नका.

आयोजकांना उत्तर या आठवड्यात द्या, होकार असो की नकार. त्यांना सभागृह धरायचं असतं, तिकिटं काढायची असतात. शेवटच्या क्षणी मोडलेला शब्द कितीही मोठ्या कारणासाठी असला, तरी समोरच्याला तो फसवणूक वाटतो. आणि पत्र पाठवायच्या आधी पाचही जणांना ते मोठ्याने वाचून दाखवा, तबलजींना सगळ्यात आधी.